न प्यायलेला कप

केज, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. जॉर्डनच्या वाळवंटातली एक रीत मी हौसेने पेपरात लिहिली होती: मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा कप तसाच खाली ठेवतो; यजमान हो म्हणाला, की मगच पितो. आज जगन्नाथराव, आमचे पुढारी, घरी आले आणि कप पुढ्यात ठेवून बसले.

"तुमीच लिहिलंय शास्त्रीबुवा. आता ती टँकरची बातमी देऊ नका."

वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर त्यांच्या उसात रिकामा होतो, ती बातमी. माझ्या लेखाचं इतकं सूक्ष्म अध्ययन संपादकांनीही केलं नव्हतं. मी माझी कॉफी निवांत संपवली. त्यांच्या कपावर साय धरली. ही कसली याचना?

"केजातच ऱ्हायचं हाय न्हवं?"

भ्यालो का? भ्यालो. तेवढ्यात आतून हिने विचारलं, "कॉफी नको तर पाणी देऊ का, भाऊजी? तुमच्या उसातून उरलं तेवढंच हाय."

राव ताडकन उठून गेले. कप भरलेलाच.

बातमी आत्ताच पाठवली. त्यांचं नाव भिडेपोटी गाळलं होतं, तेही घातलं.