दोन वेढ्यांचा पट्टा

रत्नागिरी
४ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रक्तदाबाचं यंत्र दुरुस्त करून एसटीने पाठवतो आहे. दोष यंत्रात नव्हता, पट्टा हवा धरत नव्हता. नवा मागवायला तीन आठवडे लागले असते. म्हणून एका धिप्पाड ट्रॉलरवाल्याच्या बंद पडलेल्या यंत्राचा पट्टा काढून जोडला. तुझ्या काडीएवढ्या दंडाला त्याचे दोन वेढे बसतील, पण मऊ आहे, चिमटा काढणार नाही. माझ्या दंडावर सात वेळा मोजून दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहिलं. दोनाचाही फरक नाही. कंपनीच्या इंजिनिअराने हेच यंत्र टाकून द्यायला सांगितलं होतं. पदवीचा कागद घेऊन शिकलेली माणसं लवकर टाकून देतात.

रोज सकाळी मोजून आकडे वहीत लिही आणि वहीची नक्कल मला पाठव. फोनवर तुला ऐकू येत नाही, त्यामुळे मला लिहिणं आणि तुला वाचणं सुटत नाही.

आशीर्वाद असू दे.
तुझा चिंतू

अंजनवेल
२ मार्च

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद.

यंत्र झकास चाललंय. एवढ्या सूचना लिहिल्या आहेस की मेल्या, वाचतानाच दाब वाढावा.

काल सकाळी आगरात नारळ वेचताना नाकाचा घोळणा फुटला. महिन्यातली ही तिसरी खेप, आणि या वेळी पाऊण तास रक्त थांबेना. शेजारच्या रझियाभाभीने मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापलं. सगळं रक्त घशात उतरलं, ओकारी झाली. दोन टॉवेल वाया गेले. भाभी हातवारे करून सांगत होती की डॉक्टरकडे चल. मी तिला म्हटलं, माझा भाऊ डॉक्टरहून बरा. यंत्र १२६-७८ दाखवतं, म्हणजे ऊनच बाधलं असणार. आकडे इतके चांगले आहेत तर दाबाची गोळी पूर्ण घेऊ की अर्धी? तू म्हणशील तसं करते. सोबत वहीची नक्कल आहे.

जेवणाकडे लक्ष ठेव. माया आहेच.
ताई

रत्नागिरी
६ मार्च

ती. ताईस सा. न.

मान मागे टाकायची नसते. बसून पुढे झुकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं सोडायचा नाही. हे मी दोन पुस्तकांत पडताळून पाहिलं आहे.

तुझ्या आकड्यांची सरासरी काढली. वरचा १२७, खालचा ७९. या आकड्यांवर अर्धी गोळी पुरे. कोकमाचं सार घे, दुपारी आगरात जाऊ नकोस. भाभीला सांग, घाबरून धावत सुटणं हा उपाय नव्हे. माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही.

लोभ आहे तो वाढवावा.
तुझा चिंतू

अंजनवेल
२९ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही आयसीयूच्या काचेतून आईला पाहून गेलात. तेव्हा जे सांगता आलं नाही ते लिहिते आहे. परवा तिला घरी आणलं. शाळेतून रजा काढून मी इथेच राहणार आहे.

१९ तारखेला तिच्या नाकातून रक्त सुरू झालं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे नाक धरून बसली होती, तरी थांबेना. भाभीने रिक्षा बोलावली. चिपळूणला पोचेतो दाब २१४-११८. नाकात पट्ट्या भरून रक्त थांबवलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू आणि वाचा गेली, हे तुम्हांला ठाऊक आहे. तिला वाचताही येत नाही. तुमचं जुनं पत्र हातात दिलं तर तिने उलटं धरलं.

डॉक्टरांनी आपलं घरचं यंत्र मागवून घेतलं. तिच्या दंडावर त्यांच्या पट्ट्याने १६८ आला, आपल्या पट्ट्याने १४६. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा कमी दाखवतो, म्हणाले. जाड दंडावर तोच पट्टा बरोबर दाखवतो. घोळणा दाबानेच फुटला असं छातीठोक सांगता येत नाही, पण गोळी अर्धी करायला नको होती, हेही म्हणाले.

भाभी म्हणत होती, चिंतूभाईंना कळवू नकोस, ते सोसणार नाहीत. पण असे पट्टे तुम्ही आणखी कुणाला जोडून दिले असतील, म्हणून लिहिलं. मी तुमच्यावर रागावले आहे. किती, ते अजून माझं मलाच कळलेलं नाही.

तब्येतीला जपा.
ओवी

रत्नागिरी
७ एप्रिल

चि. ओवीस आशीर्वाद.

काल तू गोळ्या आणायला गुहागरला गेली होतीस आणि मी तुला न भेटता परत फिरलो, म्हणून हे पत्र.

तसे पट्टे मी चार घरी दिले होते. चारही परत आणले, कारण सांगून. पावसचे एक म्हातारे गृहस्थ पट्टा सोडेनात. म्हणाले, राहू दे हो, तुमच्या हातचं काम चुकत नाही. त्यांना मी ताईचं काय झालं ते सांगितलं.

अंजनवेलला येताना चार पानं लिहून आणली होती. ताई वाचू शकत नाही, ऐकू शकत नाही, हे ठाऊक असूनही. कबुली तिच्याखेरीज कुणाला देणार? पानं काढायला पिशवीत हात घातला. ताईला वाटलं, मी यंत्र काढतो आहे. तिने डावा हात उचलला आणि दंड माझ्यापुढे केला.

दाब मी मोजला नाही. खिशात टेप असते, त्या टेपने दंडाचा घेर घेतला. एकवीस सेंटिमीटर. हे फेब्रुवारीत विचारायला मला एक ओळ लागली असती.

मग टेप गुंडाळून खिशात ठेवली. उठलो तेव्हाही तिचा हात तसाच पुढे होता.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
तुझा मामा