चंद्रावरच्या हातमोज्यात

डोव्हर, डेलावेअर
मंगळवार, १६ ऑक्टोबर १९८४

प्रिय दीपा,

तू बरी असशील, पुरुषोत्तमकाकांचा गुडघा थोडा वाकायला लागला असेल आणि काकूंचा दिवाळीचा चिवडा अर्धा डबा तरी संपला असेल, असं धरून चालतो. मी मजेत. इथे सकाळी गाडीच्या काचांवर दव गोठायला लागलंय.

तू चिडली असशील. ठरल्याप्रमाणे आज बरोबर अकराला वर्कशॉपचा फोन वाजला आणि मी उचलला नाही. का, ते आधी नीट वाच, मग शिव्या दे.

डोरोथीबाईंबद्दल तुला सांगितलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी चंद्रावर गेलेल्यांचे हातमोजे ज्या बायकांनी शिवले, त्यातल्या त्या एक. आता एका म्युझियमसाठी आम्ही तसाच हातमोजा बनवतोय. काचेची पेटी, तिला एक भोक, भोकात हातमोजा घट्ट बसवलेला. पंपाने पेटीतली हवा काढली की आत चंद्र! लोकांनी बाहेरून हात घालायचा आणि आतला बोल्ट फिरवून दाखवायचा.

गंमत वाटते ना? घालून बघ. बाहेर हवा नाही म्हटल्यावर हातमोजा आतून फुगतो, गाडीच्या टायरसारखा टणक होतो. मूठ वळायची म्हणजे त्या टायरशी कुस्ती. बोट सोडलं की ते हातमोज्याच्या मर्जीने परत जातं. म्हणून त्या काळी प्रत्येक अंतराळवीराच्या हाताचा साचा घेत, त्यावर रबराचा आतला थर बेतत. बोटांच्या सांध्यांवर चुण्या, वरून धातूच्या तारांचं विणलेलं कापड, आणि बोटांच्या टोकांना मऊ रबर, म्हणजे निदान काय धरलंय ते कळावं. डोरोथीबाई म्हणतात, "एक टाका वाकडा गेला की सगळं उसवायचं. माझ्या सासूनेसुद्धा इतका छळ केला नाही."

शेवटी हातमोज्याचा तळवाच फुग्यासारखा फुगायला लागला. मग त्यांनी तळव्यात एक सळई बसवली आणि हाताच्या पाठीवरून पट्टा आवळला. आमच्या पेटीत हा पट्टा आतल्या बाजूला येतो. म्हणजे पेटीत हवा परत भरून झाकण उघडेपर्यंत हात सुटत नाही. त्यासाठी सहा-सात मिनिटं लागतात. आज पावणेअकराला डोरोथीबाईंनी माझा उजवा हात आत घातला, पट्टा आवळला, पंप सुरू केला. आणि फोन वाजला. चौदा वेळा वाजला. मी मोजलं.

तर असा अडकलो होतो. तुला उलट फोन करायचा तर तू बूथमध्ये, आणि घरी केला तर काका उचलणार.

इथे सही करून पाकीट बंद करणार होतो. केलंही होतं. परत फाडलं.

दीपा, फोन डाव्या हाताशी होता. टेबलावर, वीतभर अंतरावर. पंपापाशी उभ्या असलेल्या डोरोथीबाई ओरडल्या, "अरे, उचल की! दुसरा हात काय पोस्टाने मागवायचाय?" मी नुसता बघत राहिलो. रिंग बंद झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मुलगी होती ना?" आणि काचेकडे वळल्या. मला इतका राग आला की आतला बोल्ट हिसकून काढायला गेलो. नखाखाली रक्त साकळलंय. त्याच हाताने लिहितोय, अक्षर म्हणून असं आहे.

तू गेल्या आठवड्यात म्हणालीस, "प्रसन्न, लेक्चर नको यार. रविवारी संध्याकाळी अर्विंगहून श्रीरंगच्या घरचे मला बघायला येतायत. ते येण्याआधी तू येऊन बाबांशी बोलणार, हो की नाही, तेवढंच सांग." 'हो' तोंडात तयार होतं. पण मी समोर बसलो की काकांचा पहिला प्रश्न कोणता असेल? "काय, डिग्री कधी हातात?"

डिग्री नाही, दीपा. कॉलेज मेमध्येच सोडलं. तुला सांगितलं होतं की थिसिससाठी इथे आलोय, ते खोटं. प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाला, हे काम तुझं वाटत नाही, कुठून उचललंस? माझं होतं. दोन वर्षांचं. मी वही त्याच्या टेबलावर आपटली, खुर्चीला लाथ मारली, निघून आलो. दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर कदाचित परत घेतलं असतं. नाही मागितली. व्हिसा विद्यार्थ्याचा आणि मी विद्यार्थी नाही. नागपूरला माझे बाबा अजून शेजाऱ्यांना सांगतात, मुलगा एमएस करतोय. परत जायला तोंड नाही, इथे राहायला कागद नाही. पाच महिने रोज वाटतं आज कुणीतरी विचारेल, आणि कुणी विचारू नये म्हणून मी कुठेच जात नाही. सप्टेंबरपासून तुझ्याकडेही आलो नाही, ते कामामुळे नव्हे.

तू म्हणतेस ना, नाव ठेवताना माझ्या घरच्यांनी घाई केली. खरंय.

श्रीरंग चांगला असेल. नोकरी असेल, कागद असतील. तरी मला त्याचा गळा धरावासा वाटतो, आणि तो बिचारा मला ओळखतही नाही.

आता एक कर. हे पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. वाचून झालं की काकांच्या हातात दे. सगळं, नखासकट. मी समोर आलो तर पुन्हा काहीतरी रचेन, मला माझी खात्री नाही. त्यांना आधीच माहीत असलं की रचायला काही उरणार नाही. रविवारी सकाळी पहिल्या बसने निघतो, दुपारी बाराच्या आत दारात असेन. त्यांनी दार उघडलं नाही तर बेल दुसऱ्यांदा वाजवणार नाही, ओरडणार नाही, दाराला लाथ मारणार नाही. हे लिहून देतोय.

आणि तुझं आता 'नाही' असेल, तर तेही त्यांच्याकडूनच कळू दे. तुझ्या तोंडून मला ऐकवणार नाही.

काकूंना नमस्कार. काकांना काय लिहावं सुचत नाही.

तुझा (पत्र काकांना देण्याआधी हवं तर हा शब्द खोड),
प्रसन्न