वारं आल्यानंतरचा भात

बा, ओळखलंस का? नसशीलच ओळखलं. कमरेला तंबाखूची चंची खोचून घरभर चंची शोधत फिरणारा माणूस तू. मरून इतकी वर्षं झाल्यावर लेक कुठली आठवायला! मी तुझी मधली. जिला तू हाक मारताना आधी थोरलीचं नाव घ्यायचास, मग धाकटीचं, मग गाईचं, आणि शेवटी नुसतं "अगं तू, तू" म्हणायचास, ती. हे मी लिहीत नाही. मी सांगते आणि नात लिहिते. मला अक्षर येत नाही हे तरी तू विसरला नसशील, कारण तुलाही येत नव्हतं. नात म्हणते, आजी, हळू सांग, शाई सांडते. मी म्हटलं, शाई सांडू दे, आठवण सांडायला नको.

तर बा, झालं असं. आम्ही आता ठाण्यात राहतो, टेंभी नाक्याच्या अलीकडे. माझा लेक रेल्वेत आहे आणि नात मिशनच्या शाळेत जाते. लोक म्हणतात पोरगी बाटेल. अजून तरी फक्त तिची बोटं बाटलीत, शाईनं. परवा ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, भविष्यवादी म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "म्हणजे पुढचं सांगणारा. नाक्यावर पोपट घेऊन बसतो तो." तर म्हणते कशी, "तो नव्हे गं. यात लिहिलंय, देव त्यांच्या तोंडून बोलायचा." मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हटलं, "मग भविष्यवादी कशाला म्हणतेस मेले? भगत म्हण. तुझा पणजा होता तो." पोरीनं डोळे एवढे मोठे केले. तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या बापानं सांगितलं नव्हतं. रेल्वेत लागल्यापासून त्याला भगताचा नातू म्हणवून घ्यायला लाज वाटते; पण गाडीला उशीर झाला की गावदेवीलाच नवस बोलतो.

मग मी तिला तुझं सांगत बसले. ठाकुर्लीच्या अंगाला, खाडीकाठचं आपलं गाव. पिंपळाखालची देवी. तू पाटावर बसायचास, ढोल लागायचा, धूप पेटायचा. आधी तुझ्या डाव्या पायाचा अंगठा थरथरायचा, मग गुडघा, मग मान, आणि मग वारं यायचं, म्हणजे देवी अंगात यायची आणि तुझ्या तोंडून बोलायची. तुझा आवाजच नसायचा तो. लोक विचारायचे पुढचं. लोखंडी रस्ता आपल्या शेतातून जाणार का, पाऊस कधी, गेलेली म्हैस कुठं. आणि देवी सांगायची भलतंच. एकदा पाटलानं विचारलं, यंदा पीक किती येईल? देवी म्हणाली, "पीक मागून बघ, आधी हिरीत मेलेली घूस हाय ती काढ, चार दिस झाले सगळी नाक दाबून पाणी पितात आन् बोलत कोन नाय." खरंच होती घूस. सगळ्यांना वास येत होता. दुसऱ्या एकानं विचारलं, माझी कोंबडी कुणी चोरली? देवी म्हणाली, "तुझा भाऊस उपाशी हाय, त्याला जेवाला बोलव, मंग कोंबडीचं इचार." पुढचं तिनं कधी सांगितलंच नाही. आजचंच सांगायची, जे सगळ्यांना दिसत असतं आणि बोलायला कुणाची जीभ वळत नसते.

आणि वारं गेलं की तू डोळे चोळत विचारायचास, "काय बोललो रं मी?" तुझ्या तोंडून निघालेलं सगळ्या गावाला पाठ, एकट्या तुला ठाऊक नाही. आये म्हणायची, एरवीचं विसरतो त्याला निमित्त नसतं, याला निदान देवीचं तरी आहे. मग घरी येऊन तू जेवायला बसायचास. बा, ते जेवण! वारं येऊन गेलं की तुला अशी भूक लागायची की आये त्या दिवशी मोठा टोप चढवायची, सुकटीची चटणी करायची, आणि तू भाताचा डोंगर पुढ्यात घेऊन मान खाली घालून नुसता जेवत राहायचास. एरवी तू मुठीएवढा भात खाणारा माणूस. आम्ही पोरी दाराआडून बघून हसायचो. धाकटी म्हणायची, देवी बोलते बाच्या तोंडानं आणि जेवतेपण बाच्याच तोंडानं.

नातीनं हे सगळं शाळेत जाऊन पंतोजींना सांगितलं. मला वाटलं, आता हे हसणार. पण पंतोजी गंभीर झाले म्हणे. म्हणाले, तुझ्या आजीचं बरोबर आहे, भविष्य हे त्या शब्दाला मागून चिकटलंय. ठाण्यात शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी तेली आहेत ना, त्यांच्या पूर्वजांच्या भाषेतला तो मूळ शब्द. कुणी म्हणतात त्याचा अर्थ 'ज्याला बोलावणं आलं तो', कुणी म्हणतात 'जो पुकारतो तो'. पुढं ग्रीक लोकांनी त्याला आपला शब्द दिला, 'दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा'. पुढचं सांगणं हे लोकांच्या हावरेपणानं त्यात घुसलं. बघ बा, सात समुद्रापलीकडचे लोकसुद्धा पाटलासारखेच, पिकाचंच विचारणारे! मग मी पोरीला पुन्हा पिटाळलं, म्हटलं, जा, आपला भगत कुठनं आला तेही विचारून ये. तर पंतोजी म्हणाले, भगत हा मुळात भक्त. भक्त म्हणजे ज्याला वाटा मिळाला, जो वाट्यात सामील झाला तो. आणि गंमत अशी की जुन्या संस्कृतात शिजवलेल्या तांदळालाही भक्तच म्हणत, पानात वाढलेला वाटा म्हणून. लोकांच्या तोंडात झिजून झिजून एका भक्ताचा भगत झाला आणि दुसऱ्याचा भात. दोघं सख्खे भाऊ. बा, मी इतकी हसले की मला ठसका लागला. पोरीनं पाठ चोळली. तिला वाटलं आजी शब्दाला हसते. मी हसत होते तुझ्या त्या टोपाला. आणि हसता हसता मला एक दिवस आठवला, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तुला खाडीपलीकडचे मिठागरवाले आठवतात? आपल्या गावातली निम्मी माणसं त्यांच्या मिठावर राबायची. त्यांनी मला मागणी घातली, पुतण्यासाठी. पुतण्याला घरात एक बायको होती, तिला मूल नव्हतं. तू ओसरीवरच नाही म्हणालास. तर त्यांचा म्हातारा हसला. म्हणाला, "भगता, तुला कोन इचारतो? आमी देवीला इचारू." आपल्यात भगतानं आपल्या घरासाठी देवीला विचारायचं नाही, वैद्यानं आपली नाडी बघू नये तसं. पण परक्यानं विचारलं तर बसायलाच लागतं, नाही म्हणायची सोय नाही. त्या रात्री आये चुलीपाशीच बसून होती. मी तिला म्हटलं, "आये, देवी हो म्हणाली तर?" ती म्हणाली, "मंग गप जायचं. तिच्याम्होरं तुझा बापूस कोन लागून गेला?"

सकाळ आहे. मी बायकांत बसले आहे, पदर दातात धरून. ढोल लागला. म्हातारा पुढं येऊन म्हणतो, "देवी, ही पोर आमच्या घरची का नाय, सांग." तू पाटावर, डोळे मिटलेले, केस मोकळे. मी तुझ्या पायाकडे बघते आहे. आणि बा, अंगठा हलला. डावा. मी बघितला. माशी बसली असेल, उन्हाचा भास असेल, पण हलला. आणि तू उजवं पाऊल उचलून त्याच्यावर ठेवलंस आणि दाबून धरलंस. कपाळावर घाम. जबडा असा आवळलेला, की जणू कुणी तुझ्या तोंडात विस्तव धरायला सांगितला आहे. ढोलवाला वाजवतोय, वाजवतोय. शेवटी तोच म्हणाला, "भगता, माजं हात गेलं." तेव्हा तू डोळे उघडलेस. म्हणालास, "वारं नाय. देवी आज बोलत नाय."

म्हातारा म्हणाला, "आमी थांबतो."

"थांबा. पन देवी बोलत नाय तवा मानसानं बोलायचं असतं. पोर हितंच हाय. तिला इचारा."

"पोरीला? पोरीला कवा कोन इचारतो?"

"आज मी इचारतो," तू म्हणालास, आणि माझ्याकडे वळलास. आणि बा, त्या दिवशी तू मला हाक मारलीस ती पहिल्या झटक्यात माझ्याच नावानं. थोरली नाही, धाकटी नाही, गाय नाही. मी उठले. म्हटलं, "माज्या तोंडात देवी नाय, पन जीभ हाय. मना नाय जायचं. त्या घरात एक रडते ती पुरे हाय, दुसरी कशाला?" मग मागून कोळणींतली एक म्हातारी फस्सकन हसली, आणि मग सगळ्या बायका, आणि मग ढोलवाला. म्हाताऱ्यानं नारळ उचलला आणि चालू पडला. जाताना म्हणाला, "भगता, देवी बरी तुझी. पोर लई वाईट." आणि मला वाटतं तोही मिशांत हसत होता, कारण मिठावरनं त्यानं एकाही माणसाला काढलं नाही.

त्यानंतर माझं लग्न माझ्या पसंतीच्या माणसाशी झालं आणि त्यानं मला जन्मभर हसवलं, ते तुला ठाऊक आहे; त्याच्याकडूनच तू तंबाखू मागायचास, आपली चंची कमरेला असताना. पण मला विचारायचं आहे ते त्या दुपारचं. वारं आलं नाही म्हणालास ना? मग घरी येऊन पाटावर बसलास आणि टोपभर भात जेवलास तो कशाला? आयेनं त्या दिवशी लहान टोप ठेवला होता. तो संपला. तू मान खाली घालून बसून राहिलास. आयेनं तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मोठा टोप चुलीवर चढवला. म्हणाली, "वाढ गं त्याला." मी वाढत राहिले. तू मला एकदाही विचारलं नाहीस, काय बोललो मी म्हणून.

म्हणजे आली होती का रे ती? आणि तू तिला दारातच अडवलंस? जन्मात जिच्या बोलण्यात आपलं एक अक्षर मिसळलं नाहीस, तिचं सगळंच बोलणं गिळलंस? आणि काय होतं ते, 'द्या' की 'देऊ नका'? पंतोजींच्या ग्रीकांचा भगत म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा. मग दुसऱ्याला गप्प बसवून लेकीला बोलू देणाऱ्याला काय म्हणतात, ते पोरीला विचारायला सांगितलं, तर पंतोजींकडे शब्द नाही. बघतो म्हणालेत.

तू होतास तोवर मी विचारलं नाही. तुला वाटेल, भीतीनं. भीतीनं नव्हे. तू म्हणाला असतास, "नाय गं, खरंच वारं नव्हतं, नुसती भूक लागलेली," तर माझा हिरमोड झाला असता. ती आली होती असंच मला हवं आहे. दर नवरात्रात मी तुझ्या वतीनं देवीची माफी मागते, आणि हात जोडलेले असताना मला हसू येतं. तिलाही येत असावं. इतक्या वर्षांत रागावलेली काही दिसली नाही.

आता नात विचारते, आजी, पत्ता काय घालू? पत्ता कुठला घालतेस बाई, घडी कर आणि माझ्या उशाखाली ठेव. पाठवायचंच तर पितरांच्या दिवशी पान पाठव. खीर नको, वडे नकोत, असल्या गोडाधोडाला तो कधी विचारत नसे. सुकटीची चटणी कर, तिखट. आणि भात. केळीच्या पानावरची मूद नव्हे गं, मोठा टोप चढव, वारं येऊन गेल्यावर लागतो तेवढा.