धुरपदाचं मिटलेलं तोंड

पौष वद्य ३, जालना

आज पुन्हा तेच. वाचनालयात तासभर मुलींच्या शिक्षणावर बोलले. येताना मोंढ्याजवळ कापसाच्या गाडीवर बसलेला कोणी अनोळखी वरून म्हणाला, "बाई, संक्रांत झाली. तिळगूळ खा अन् जरा हसा." बरोबरचे खिदळले. उभी राहून वर पाहिलं तेव्हा त्याने बैल हाकले.
पुरुष वक्त्याने मूठ आपटली की ते तेज. मी आवाज चढवला की लोकांना एवढंच दिसतं, बाई हसत नाही.
उद्या चतुर्थी. राजूरला मावशीकडे जाते. मुलींच्या वर्गासाठी जागा मिळते का तेही बघायचंय.

पौष वद्य ४, राजूर

गर्दी मरणाची. देवळाच्या वाटेवर दुर्वा-फुलं विकायला बसते ती धुरपदा. मावशी म्हणाली, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली, आता रान कसतात. नवरा वऱ्हाडात कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात कामाला गेला, दोन वर्षं पत्ता नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू.
एक पटकेवाला, परगावचा, तिच्यापुढे उकिडवा बसला. हसशील तर दोन जुड्या घेतो म्हणे. ती ओठ मिटून. मग म्हणाला, देवाच्या दारात असलं थोबाड करून बसू नये, हस की गं.
माझ्याने राहवेना. म्हटलं, "फुलं विकायला बसलीय ती. तोंड विकायला नाही." माणसं जमली. तो पुटपुटत गेला.
वाटलं, ही काही बोलेल. तिने पदर तोंडावर ओढला, आणि अगदी हळू, "अक्का, जा आता तुम्ही. लोक बघून राह्यले."
केवढा करारीपणा! हे टेंभुर्णीच्या भाषणात सांगायलाच हवं.

पौष वद्य १०, टेंभुर्णी

जाहीर सभेला परवानगी नाही, म्हणून हळदीकुंकू. बाया देवळात, पुरुष भिंतीबाहेर, पोलीस अमीनसाहेबांचा शिपाई त्यांच्यातच. खच्चून बोलले, बाहेर ऐकू जाईल असं. नाव घेतलं नाही. राजूर म्हटलं, दुर्वा म्हटलं, मिटलेले ओठ म्हटलं. बाजारात बसलेल्या बाईचा माल घ्या, तिचं हसू मागू नका.
 मग एक म्हातारी म्हणाली, "मला तर जन्मभर सांगत आले, दात काढू नको. आता म्हनं हस. एकदा काय ते ठरवा म्हनावं." देवळात हशा, भिंतीबाहेर शुकशुकाट.
भाषण उत्तम झालं. परतताना छकड्यात काही वाक्यं पुन्हा स्वतःशी म्हणून पाहिली.

माघ वद्य ४, राजूर

वाईट झालं.
धु.च्या टोपलीभोवती माणसांचा गराडा. टेंभुर्णीचे, भोकरदनचे. हीच का ती न हसणारी? पैजा लागलेल्या. एकाने माकडासारखे गाल फुगवले, एकजण बायकी आवाज काढून लाजत होता. फुलं कोणी घेत नव्हतं. ती पदर दातात धरून बसलेली. मी मधे पडले तर आणखी लोक जमले.
दुपारी ती मावशीच्या गोठ्यात आली. दार लोटलं आणि माझ्यापुढे तोंड उघडलं.
दात पांढरे. क्षणभर कळेना. माझेही पांढरेच, माझ्या शाळेतल्या मुलींचेही. मग लक्षात आलं. इथे सवाष्ण दातवण लावून दात काळे ठेवते. विधवा झाली की सोडते.
गेल्या पोळ्याआधी वऱ्हाडातून आलेल्या एकाने तिला दर्शनाच्या रांगेत गाठून सांगितलं, नवरा पटकीने गेला. ती कोणाला बोलली नाही. विधवा ठरली की धाकटा दीर तिच्याशी पाट लावणार. त्याची पहिली बायको घरातच आहे, रोज मार खाते. शिवाय पूजेची फुलं मग हिच्या हातून कोण घेईल?
विचारलं, कुंकू ठेवलंस, मग दातवणच का सोडलंस?
"कुंकू लोकासाठी हाय, अक्का. त्याच्यासाठी एक तरी खरं करावं म्हनलं. दात मिटून ठिवता येतात."
 मग म्हणाली, तुमचं बोलणं बराबर असंल, पण आता समदे माझ्या तोंडाकडंच बघून राह्यलेत. दिराला शंका आलीय.
जालन्याहून दातवण आणून द्या म्हणाली. इथं घेतलं तर वाणी विचारील, आजवर कुठनं घेत व्हतीस?

माघ वद्य ७, जालना

घेतलं. दुकानदाराने ओळखलं. "बाई, दातवण म्हणजे बायकांच्या तोंडाला ठोकलेलं कुलूप, असं याच बाजारात तुम्हीच बोलल्या होत्या ना?" म्हटलं, बोलले होते. आता पुडी बांध. बांधता बांधता म्हणतो, घेऊनच राह्यल्या तर जरा हसून घ्या.
पैसे मोजून पुडी उचलली.
बोलले होते ते खोटं नव्हतं. आजही तेच बोलेन. पण कोणासमोर, आणि कोणाच्या जिवावर

माघ वद्य ११, राजूर

पुडी दिली. दुकानदाराचं सांगितलं तशी धु. हसली. गोठ्यात, तोंडावर हात न घेता, मोकळी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. सुरेख हसते. मग डोळे पुसून सांगितलं:
परवा सकाळी दिराच्या घरी भावकी बसणार. सासू सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावणार.
म्हटलं, जालन्याला चल. शाळेत काम देते, वर्गही करशील.
"अन् रान? त्याच्या वाट्याचं हाय. दोन सालं मी पेरलंय."
मग आज लावशील ना, असं दोनदा विचारलं. म्हणाली, "लावलं तर त्यो जित्ता हाय म्हनून मीच सांगितल्यावानी व्हतंय. बघते." पुडी कमरेला खोचून गेली.

माघ वद्य १३, राजूर

सकाळी भावकी जमली. दिराच्या ओट्यावर पागोटीच पागोटी. मला आत घेईनात, उपरी म्हणून. मावशीने दंड धरून ठेवलेला. म्हणाली, आज तू तोंड उघडू नकोस, तुझ्या पाया पडते. उघडलं नाही.
धु. आली. पदर नाकापर्यंत. परगावहून आलेला कोणी पाहुणा ओट्यावरून म्हणाला, "भेती कशाला? हस की गं जरा." दोघं-चौघं हसले. ती माझ्या अगदी जवळून गेली. माझ्याकडे बघितलं. ओठ मिटलेले, लावलंय की नाही कळलं नाही. आत गेली, दार लागलं.
आत सासूचा आवाज चढला, मग एकदम सगळं शांत. कान देऊन उभी होते.
गाडीवान दोनदा येऊन गेला. "बाई, ऊन व्हायच्या आत निघू. शाळा खोळंबली आसंल तुमची."
त्याला म्हटलं, आज जायचं नाही, बैल सोड.