गोल्डफिश कुणी सोडले?

दादा,

कमाल आहे तुझी! नव्या टाकीत गोल्डफिश सोडलेस, तेही मला न विचारता? झाडांनी मूळ धरेपर्यंत मासे सोडायचे नाहीत, हे फोनवर बजावलं होतं ना? सकाळी बघते तर त्या खादाडांनी सगळी झाडं उपटून ठेवलीत. त्यांना बादलीत घालून दुकानात परत द्यायला चाललेय. तू वाळूला हात लावू नकोस, झाडं मीच येऊन लावीन.

आणि आईला करमावं म्हणून आणले, ही सबब मला सांगू नकोस. तिचं कुठे लक्ष असतं टाकीत! पलंगावरून तिला त्या काचेत बाहेरचं दार दिसतं. तू बाहेर पडलास की परत येईपर्यंत तिथून नजर हलवत नाही ती.

आज घरी थांब.

छोटी