गुरुजी घरी सांगायला येत

गुरुजी,

तुम्ही भर दुपारी का येत होतात ते आमच्या बाळकुमात सगळ्यांना ठाऊक होतं. मिठागरावरची माणसं पहाटे कामाला लागत, ऊन डोक्यावर आलं की घरी परतत आणि उतरतं झालं की पुन्हा जात. आई आणि बाप दोघं एका वेळी घरात सापडायचे ते तेवढ्याच वेळात. रविवारी बाकीचे मास्तर ठाण्याला आपापल्या घरी जेवून आडवे झालेले असत आणि तुम्ही काळी छत्री उघडून बांधावरून चालत येत असायचात. छत्री दिसली की पोरं पांगायची. आज कुणाचं घर, एवढंच प्रत्येकाच्या मनात असायचं.

याला सुरुवात झाली ती माझ्या चुलतभावामुळे, हे तुम्ही कधी कुणाला बोलून दाखवलं नाहीत. प्रगतिपुस्तक आमच्याकडेही यायचं, पण ते वाचणार कोण? बाप अंगठा उठवून द्यायचा, की झालं. चुलतभावाने काकाच्या मनात भरवून ठेवलं होतं की तांबड्या शाईने लिहिलेलं म्हणजे मास्तरांनी खूश होऊन लिहिलेलं. काकाने ते पुस्तक अख्ख्या आळीत मिरवलं आणि वर तुमच्यासाठी खाडीतले ताजे निवटे घेऊन शाळेत हजर झाला. "पोरानं नाव काढलान, मास्तर," म्हणाला. पोरगा तीन विषयांत नापास होता आणि तुम्ही मासे खात नव्हतात. आम्ही सगळा वर्ग तोंड दाबून बसलो होतो. तुम्ही काकाला काही बोलला नाहीत, निवटेसुद्धा घेतलेत. मात्र पुढच्या रविवारी छत्री घेऊन निघालात ते पहिल्यांदा त्याच्याच घरी.

तुमची रीत ठरलेली होती. आई आणि बाप दोघं समोर बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सांगून होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही. चांगलं आधी, वाईट नंतर, आणि मुलाने बाहेर जायचं. मुलं बाहेर जायची म्हणजे कुडाला कान लावून बसायची, हे तुम्हाला चांगलं माहीत असणार, कारण वाईट सांगताना तुमचा आवाज जरा चढायचा. गावाला आधी हे थोतांड वाटलं. माझी आई म्हणायची, मास्तरला घरदार नाय का. पण हळूहळू माणसं वाट बघायला लागली. आपलं पोर शाळेत दिवसभर काय करतं, ते कुणासारखं होतंय, हे कुणीतरी येऊन सांगतंय, याचंच त्यांना अप्रूप होतं. त्यांच्या आयुष्यात सरकारी माणूस घरी आला तो कधी चांगलं सांगायला आला नव्हता.

माझी पाळी आली ती सातवीच्या वर्षी, दिवाळीनंतर. मी मागच्या दारी राखेने भांडी घासते आहे आणि हात थांबलेले आहेत. आत तुम्ही सांगता आहात की मुलगी गणितात सगळ्या शाळेत पहिली आहे, तोंडी हिशोबात मलाही मागे टाकते, हिला सातवीच्या फायनल परीक्षेला बसवा आणि पुढे ठाण्याला हायस्कुलात घाला, फी माफ करून घ्यायचं माझ्याकडे लागलं. मग आवाज चढवून, अक्षर गचाळ आहे आणि उलट बोलते. बाप हसला. "उलट तं ती मलापन बोलते," म्हणाला. माझा बाप तसा कधी हसत नसे. मी ती एकच परात किती वेळ घासत होते कोण जाणे.

आणि बापाने ते गावभर केलं. काकाने केलं होतं तसंच, फक्त या खेपेला ते खरं होतं. मिठागरावर सांगितलं, देवळात सांगितलं, माझ्या मामाला सांगितलं. मामाचं टिटवाळ्याला येणंजाणं होतं. तिथे एका घरी भाताची गिरणी होती आणि लग्नाचा मुलगा होता. एक दिवस मामा त्या मुलाच्या बापाला घेऊन सरळ शाळेत आला. तुम्ही मामाला ओळखत होतात. बरोबरचा वडीलधारा माणूस घरचाच असणार असं धरून चाललात, आणि मामाने तुमचा गैरसमज दूर केला नाही. घरच्या माणसाने विचारलं की सगळं सांगायचं, हा तुमचा नेम. तुम्ही सांगितलंत. कष्टाळू आहे. ताप असला तरी शाळा चुकवत नाही. खोटं बोलत नाही. धाकट्या मुलांना सांभाळून घेते, हिशोबाला पक्की आहे. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. तो माणूस एकेका वाक्याला मान डोलवत होता, आणि तुम्हाला बिचाऱ्यांना वाटत होतं की चला, या मुलीच्या घरचं आणखी एक माणूस आपल्या बाजूला आलं.

माघात लग्न धरलं. फायनल त्यानंतर दोन महिन्यांनी. बाप अक्षत घेऊन शाळेत आला तेव्हा तुम्हाला कळलं, आणि त्याच दुपारी तुम्ही आलात, रविवार नसताना. या वेळी आईबाप बसण्याची वाट बघितली नाहीत. उभ्याउभ्याच म्हणालात, "परीक्षेपर्यंत तरी थांबा. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मुलगी वाया जाईल हो."

बाप रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. त्याला खरोखरच तुमचं बोलणं उमगलं नाही. "मास्तर, तुमीच बोललाव पोर चांगली हाय," तो म्हणाला. "मंग चांगल्या घरान नको द्यायची? वायट असती तं कोन नेनार होता तिला?"

तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी कुडाला कान लावून बसले होते. आईने चहा पुढे केला, तो तुम्ही घेतला आणि बशीत ओतून सगळा प्यालात. मग छत्री काखेत मारून गेलात, उन्हात, ती न उघडता. मला त्या वेळी तुमचा इतका राग आला होता, गुरुजी. चहा प्यालात म्हणून राग आला होता.

टिटवाळ्याचं घर वाईट नव्हतं, हे सांगायलाच हवं. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. चैत्र उजाडला तेव्हा मी धीर करून सासऱ्यांना म्हटलं, मला परीक्षेला ठाण्याला जाऊ द्या, चार दिवसांचं काम आहे. ते गिरणीच्या पट्ट्याला तेल घालत होते. वर न बघता मायेनेच म्हणाले, "मास्तरांनी सांगितलान ना तू हुशार हाईस. मंग आनखी परीक्षा कशाला?" तुमच्या शब्दाला आमच्या घरात एवढी किंमत होती. मी आत गेले आणि तांदूळ निवडायला बसले. परीक्षेचे दिवस तसेच गेले.

माझी धाकटी बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझ्याहून हुशार, हे मी उगाच म्हणत नाही, ती पाढे उलटे म्हणायची. तिच्या वेळी तुम्ही आला नाहीत. कुणाच्याच घरी जायचे बंद झाला होतात. बाप दुपारी ओट्यावर बसून बांधाकडे बघायचा, हे मला आईने सांगितलं. दोन हंगाम बघितलं आणि तो समजायचं ते समजला. मोठीच्या वेळी मास्तर घरी आले, हिच्या वेळी येत नाहीत, म्हणजे हिच्यात काही नाही. सहावीतून काढली तिला आणि मिठागरावर पाठवली, टोपल्या वाहायला.

तिच्या लग्नात तुम्ही मांडवाच्या कडेला बसला होतात. माझ्या कडेवर मुलगा होता. मी सरळ येऊन विचारलं, उलट बोलायची सवय गेली नव्हती. "गुरुजी, हिचं का नाही सांगितलंत घरी?"

"तुझं सांगून काय झालं ते पाहिलं ना मी," तुम्ही म्हणालात. "सांगितलं तरी तेच, न सांगितलं तरी तेच. कुठे चुकलो ते तुला कळलं तर मला सांग."

मी सांगायला आले नाही, कारण मला कळलं नाही. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा समजलं, तेही कुणाच्या तरी बोलण्यात ओघाने. अजूनही मी रात्रंदिवस नाही, पण भात शिजायला टाकला की मधूनच त्याचा विचार करते. तुम्ही बापाला खोटं सांगायला हवं होतं का? पोरगी ढ आहे म्हणून? मग त्याने शाळेतून काढलं असतं. नुसतं बरी आहे म्हणायचं होतं? त्याने काय झालं असतं? सगळे रस्ते मी चालून बघितले आणि प्रत्येक रस्ता त्याच मांडवात येतो. तुमची चूक नव्हती असं लिहून तुम्हाला हलकं करावं असं वाटतं, पण मग चूक कुणाची, माझ्या बापाची? तो बिचारा आयुष्यात एकदाच कशाने तरी फुलला होता.

आता नातीच्या शाळेत पालकांना बोलावतात. सून नोकरीला, म्हणून मी जाते. बाई छान असतात, सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगतात, तुमची मुलगी अमुक विषयात पुढे आहे, तमुक स्पर्धेत घालू या. बाकीच्या आया खूश होतात. मी मात्र आधी मागे वळून बघते की ऐकतंय कोण. मी बाईंना म्हणते, हळू बोला. त्यांना वाटतं आजीला चांगलं ऐकू येतं, म्हणून म्हणतेय.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुमचं ठाण्यातलं घर कधीच पाडलं, आणि तुमच्या मुलांना मी ओळखत नाही. लिहून झालं की घडी करून ठेवीन, किंवा नाही ठेवणार. पण एक सांगायचं राहिलं. कुणी विचारलं तर मी माझं शिक्षण सातवी पास सांगते. परीक्षेचं मी सासऱ्यांपाशीच बोलले होते, म्हणून नवऱ्याला तेच वाटत होतं, मुलांना तेच वाटतं, नातीने तर शाळेतल्या निबंधात लिहिलं. तुम्हाला खरं माहीत आहे. तेवढं मात्र कुणाच्या घरी जाऊन सांगू नका.