पदरातले हिरवे धागे

शहापूर, बेळगाव
माघ वद्य पंचमी, सन १९३८

प्रिय रवळू यास आप्पाचा आशीर्वाद,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. तू एकच गोष्ट मागितलीस. तुझी वही बोटीवर भिजून गेली, म्हणून गेल्या वर्षी पाकिटात घातलेला चौकटींचा कागद परत पाठवा, त्याच्याशिवाय मे महिन्यात परीक्षेला दाखवायला काही नाही. रवळू, तो कागद राहिला नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं हात चालेल.

मी चार बुकं शिकलेला माणूस. कागदाखालचं तुझं इंग्रजी मला वाचता आलं नाही. वर नुसती बारीक घरं, काही हिरवी, काही काळी. लहानपणी माझ्या मागाशेजारी बसून तू अशीच घरं भरून नक्षी काढायचास. मला वाटलं, पोरानं नॉर्वेतून आईसाठी लुगड्याची नक्षी धाडली. शेजारच्या भावकूला दाखवली, तर तो म्हणाला, "व्हय, पदराचीच हाय, पन लई येडीवाकडी." मी चिडलो त्याच्यावर. म्हटलं, तिकडची रीत असंल, तुला काय कळतंय. मग तो कागद मागावर टांगला. जितकी घरं हिरवी तितके हिरवे धागे, जितकी काळी तितके काळे. एकही चुकवला नाही. हिरव्या अंगाचं लुगडं उतरलं, आणि खळ लागलेला तो कागद तिथंच लोंबत राहिला. झुरळांनी खाल्ला. नक्षीचं काम झालं म्हणून मी जपला नाही.

तुझं पुढचं पत्र आलं तेव्हा समजलं, ती नक्षी नव्हती. तू लिहिलं होतंस, उत्तरेच्या समुद्रात डोळ्याला न दिसणारं हिरवं शेवाळ असतं, एकेक दाणा सुटा. समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो आणि खाऱ्या पाण्याच्या केसाएवढ्या वाटा बर्फात न गोठता उरतात. दाणा त्या वाटांत राहतो. अंगात असं काही तयार करतो की आतलं पाणी गोठत नाही. उजेड कमी झाला की हिरवा रंग वाढवतो, मिळेल तेवढा धरून ठेवायला. सूर्य उगवायचाच थांबला की साठवलेल्या तेलावर, हालचाल न करता, महिनोन्‌महिने तग धरतो. घरांची एकेक ओळ म्हणजे एकेक महिना, त्यात काळी घरं म्हणजे तो अंधार, आणि हिरवी म्हणजे त्या महिन्यात थेंबात जिवंत सापडलेले दाणे. एवढं मला कळलं. चुकलं असेल तर सांग.

तुझ्या आईला मी ते तीनदा वाचून दाखवलं. मी 'कसं जगत असेल' म्हणून घोकत बसलो, तर ती चुलीजवळून म्हणाली, "राखंत निखारा झाकून ठिवतोय, तसंच की हे." बर्फ मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. मी कँपातल्या सोडावाल्याकडून एक खडा लाकडाच्या भुशात घालून आणला. घरी येईस्तोवर लिंबाएवढा उरला. तिनं तळहातावर घेतला, हात लाल झाला तरी सोडीना. "माझं पोर ह्यात हात घालतंय व्हय," एवढंच बोलली. तू हात झाकतोस ना रे? कानाला फडकं बांधत जा. मग लुगड्याकडं बघून हसली, "आता हे मी नेसू का वाचू?" आणि घडी घालून ट्रंकेत ठेवलं. रवळू आला की त्याला मोजून घेऊ दे, तोवर नेसायचं नाही, म्हणाली.

तू म्हणशील, आप्पा, मग लुगडंच पाठवा, धागे मोजून घेतो. तेच मला लिहिता येत नव्हतं. श्रावणात तिला ताप आला. सहा दिवस. सातव्या दिवशी बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, हिरवं कोरं लुगडं काढा. ट्रंकेत कोरं तेवढंच होतं. ते तुझं आहे हे मला आठवत होतं रवळू, विसरलो असं म्हणणार नाही. आठवत असूनही दिलं. तिच्यासाठी विणलेलं होतं, तिनं एकदाही नेसलं नव्हतं. त्यानंतर तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत 'आई बरी आहे' असं लिहिलं. तू काम टाकून निघशील याची भीती होती, आणि निघाला नाहीस तर, याचीही. सहा महिने मी तुला अंधारात ठेवलं. आता तू कागद मागितलास, म्हणून तरी लिहिणं भाग पडलं. सोबत एक वीतभर तुकडा घातला आहे. लुगड्याआधी नमुना विणला तेव्हा रंगाऱ्याकडून हिरवं सूत आलं नव्हतं, घरात थोडंच होतं, म्हणून काळ्या महिन्यांचा भाग तेवढा विणून पाहिला होता. तुझ्या परीक्षेला पुरणार नाही, ठाऊक आहे. मी भिंग घेऊन दोनदा मोजला. कुठं तीन हिरवे धागे आहेत, कुठं एकच. पण नुसता काळा महिना एकही नाही.

तुझाच,
आप्पा